परत येणारा दुश्मन

साहसकथा, हेरकथा आणि चित्रकथा यांच्याकडे आपले समीक्षक सहसा वळत नाहीत. ही मुलांची वाचने, मोठेपणी आपोआप सुटतात, असा समज आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मूल काय वाचते, कोणाच्या बाजूने वाचते आणि वाचताना स्वतःला कुठे उभे करते, हे आमच्या रोजच्या कामातले प्रश्न आहेत. त्यामुळे हा विषय हलका समजणे आम्हाला परवडत नाही.

नायकाबद्दल पुष्कळ बोलले जाते. आम्हाला खलनायकाबद्दल बोलायचे आहे, आणि त्यातही एका विशिष्ट खलनायकाबद्दल. हा हरतो, पळतो, कधी मरतोसुद्धा आणि पुढच्या एखाद्या भागात पुन्हा दारात उभा राहतो. मालिका चालवायची तर असा दुश्मन लागतोच. नायक पहिल्या पुस्तकात जसा असतो तसाच शंभराव्या पुस्तकात असतो. त्याचे वय वाढत नाही, स्वभाव बदलत नाही. गोष्टीला जे नवे मिळते ते समोरच्याकडून मिळते. एकाच भागात येऊन मरणाऱ्या खलनायकाचे एक नाव, एक दाढी, गालावरचा एक व्रण एवढ्यावर भागते. परत येणाऱ्याला मात्र डोके द्यावे लागते, राग द्यावा लागतो आणि त्या रागाला कारणही द्यावे लागते. आपल्या गोष्टींतल्या मुसलमान खलनायकाबद्दल आपण नेहमी तक्रार करतो. त्या तक्रारीचे मूळ आम्हाला या फरकात दिसते. ते कसे, हे सांगायला थोडे लांबून, इटलीहून यावे लागेल. तिथल्या साहसी चित्रकथांत परत येणाऱ्या दुश्मनाची परंपरा फार ठसठशीत आहे.

इटलीत चित्रकथेला फुमेत्ती म्हणतात. पात्रांच्या तोंडून निघणारे संवादाचे फुगे धुराच्या लहान झोतांसारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडले. तिथे ही वस्तू मुलांपुरती नाही. १९६२ साली मिलानमध्ये आंजेला आणि लुचाना जुसानी या दोन बहिणींनी ‘दियाबोलिक’ सुरू केले, ते गाडीने कामावर जाणाऱ्यांच्या खिशात मावेल अशा आकारात. रोहा-दिवा गाडीत बसून पेणपर्यंत वाचत येणाऱ्या आमच्यासारख्यांना ही कल्पना लगेच पटावी. त्यात दियाबोलिक हा चोर आणि खुनी, आणि तोच नायक. त्याच्या मागे वर्षानुवर्षे लागलेला इन्स्पेक्टर जिंको हा सज्जन माणूस. म्हणजे परत येणारा दुश्मन इथे प्रत्यक्ष कायदा आहे. युक्ती चांगली आहे, पण आमच्या प्रश्नाला ती फारशी उपयोगी नाही.

उपयोगी आहे तो ‘टेक्स’. लेखक ज्यान लुइजी बोनेल्ली आणि चित्रकार औरेलिओ गालेप्पिनी यांनी १९४८ च्या सप्टेंबरात ही मालिका सुरू केली आणि ती आजही चालू आहे. आपल्या देशात सिवाकाशीच्या लायन-मुथु कॉमिक्सने ती तमिळमध्ये आणली आणि तमिळ वाचकांनी टेक्सला घरचा करून टाकले. टेक्स विलर हा अमेरिकेच्या पश्चिम मुलखातला रेंजर. नावाहो जमातीच्या सरदाराची मुलगी लिलिथ हिच्याशी त्याचे लग्न होते आणि पुढे तो त्या जमातीचाच प्रमुख बनतो. गोरा माणूस आणि रेड इंडियनांचा सरदार असा दुहेरी नायक १९४८ साली कल्पिणे ही साधी गोष्ट नव्हती. हॉलिवूडच्या पडद्यावर त्या काळी रेड इंडियन म्हणजे घोड्यावरून पडायला ठेवलेली गर्दी असे.

टेक्सचा सर्वांत मोठा दुश्मन मेफिस्टो. सुरुवातीला हा स्टीव्ह डिकार्ट नावाचा साधा रंगमंचावरचा जादूगार आहे, हातचलाखी दाखवणारा आणि आडून हेरगिरी करणारा. तो हरतो. पुढे परत येतो तेव्हा खरी काळी विद्या शिकून आलेला असतो. तो मरतो, तर त्याचा मुलगा यामा सूड घ्यायला उभा राहतो. मग काही वर्षांनी बापही परततो. प्रत्येक फेरीला त्याच्याकडे काहीतरी जास्त असते. टेक्स मात्र तिथेच, आधी मूठ आणि मग पिस्तूल. प्रामाणिकपणे सांगायचे तर टेक्सचे भाग वाचताना आम्ही मेफिस्टोची वाट पाहतो. तो नसला की गोष्ट म्हणजे नुसता बंदोबस्त वाटतो.

परंतु मेफिस्टोमध्ये एक उणीव आहे. तो टेक्सचा द्वेष करतो, आणि एवढेच करतो. पन्नास वर्षे द्वेष करणाऱ्या माणसाला त्या द्वेषाशिवाय आणखी काही असायला हवे की नको? याचे उत्तर इटलीतच ह्यूगो प्रॅटने दिले. त्याच्या ‘कोर्तो माल्तेझे’ या खलाशाची पहिली गोष्ट १९६७ साली आली. तिच्यात रास्पुतिन नावाचा एक दाढीवाला आहे. क्षणात माणूस मारील असा क्रूर आणि तितकाच लहरी. हा दुश्मन पुढे पुन्हा पुन्हा येतो, आणि येता येता कोर्तोचा मित्र होतो, तरी दुश्मन राहतोच. दोघे एकमेकांना ठार मारायला निघतात आणि एकमेकांना वाचवतात. कोर्तोला तो का लागतो याचे कारण लेखक कुठे समजावून सांगत नाही. वाचणाऱ्याला ते कळते.

इटलीचा सर्वांत लाडका साहसी नायक मात्र या दोघांहून जुना आहे, आणि आपल्या वाचकांनी त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. त्याचे नाव सँडोकान. एमिलिओ साल्गारी (१८६२-१९११) या लेखकाने १८८३ साली वेरोनाच्या एका वर्तमानपत्रात त्याची गोष्ट क्रमशः लिहायला सुरुवात केली. सँडोकान हा बोर्निओचा मुसलमान राजपुत्र. इंग्रजांमुळे त्याचे राज्य गेले, घरचे मारले गेले आणि तो मोंप्रासेम बेटावर चाच्यांचा सरदार झाला. ‘मलेशियाचा वाघ’ अशी त्याची ख्याती. त्याचा जिवलग यानेझ हा पोर्तुगीज. पुढे तो ज्याच्या मदतीला धावतो तो त्रेमाल-नाईक बंगालचा शिकारी आणि त्या शिकाऱ्याचा विश्वासू साथीदार कम्मामुरी. हा कम्मामुरी कोण? साल्गारी त्याला प्रत्येक ठिकाणी ‘मराठा’ म्हणतो. म्हणजे पूर्वेकडचा मुलूख स्वतः कधी न पाहिलेल्या एका इटालियन माणसाने इंग्रजांविरुद्ध एक मुसलमान, एक मराठा, एक बंगाली आणि एक पोर्तुगीज यांना एकाच गलबतात बसवले. नाव त्याने कुठून उचलले देव जाणे, असले मराठी नाव आम्ही तरी कधी ऐकले नाही. पण त्या गलबताबद्दल आम्ही त्याला सगळे माफ करतो.

या गोष्टींच्या पुढे असंख्य चित्रकथा निघाल्या. प्रॅटनेही सँडोकान काढायला घेतला होता, तो अपुरा राहिला. १९७६ साली सर्जिओ सोल्लिमा यांनी इटालियन दूरचित्रवाणीसाठी मालिका केली, तेव्हा सँडोकान झाले आपले कबीर बेदी. मुंबईच्या या नटाला इटलीत जे प्रेम मिळाले ते त्याला इकडे क्वचितच मिळाले असेल.

सँडोकानचे परत येणारे दुश्मन दोन. एक जेम्स ब्रूक, सारावाकचा गोरा राजा. हा इतिहासातला खरा माणूस. १८४१ साली तो सारावाकचा राजा झाला, १८६८ साली मरेपर्यंत राजा राहिला आणि त्याच्या घराण्याने १९४६ पर्यंत राज्य केले. साल्गारीने कादंबरीत त्याला हरवले, इतिहासाला ते जमले नाही. पण साल्गारीने ब्रूकला नीच केलेले नाही. तो शूर आहे, हुशार आहे, आपण चाच्यांचा नायनाट करतो आहोत यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. त्याच्या जागेवरून पाहिले तर खलनायक सँडोकानच.

दुसरा दुश्मन ठगांचा म्होरक्या, नाव सुयोधन. महाभारत वाचलेल्या कोणालाही हे नाव कोणाचे ते सांगायला नको. इथे साल्गारीचा हात जरा सैल पडतो. कालीमाता, फास, अंधाऱ्या गुहा, नरबळी असा सगळा ठरलेला बाजार त्याने मांडला आहे. त्यातले साधे ठग एका पानात येतात आणि पुढच्या पानात मरतात. आमच्या वाचकांपैकी कोणाला वाटेल की चला, इथे नायक मुसलमान आहे आणि खलनायक दुसरा कोणीतरी, बरे झाले. आम्हाला तसे वाटत नाही. स्वस्तात उभा केलेला खलनायक कोणाच्याही घरचा असला तरी स्वस्तच. फरक पडतो तो सुयोधनात. पहिल्या कादंबरीतून तो निसटतो आणि १९०४ च्या ‘दोन वाघ’ या कादंबरीत परत येतो, तेव्हा लेखकाला त्याच्याकडे नीट पाहावे लागते. १८५७ चे दिवस आहेत, दिल्ली पेटलेली आहे आणि तिथे सँडोकान आणि तो समोरासमोर येतात. त्या वेळी तो गुहेतला राक्षस राहिलेला नसतो. पुस्तकाच्या नावातच दोन वाघ आहेत, आणि दुसरा वाघ तो आहे.

आता घराकडे येऊ. ज्या १८८३ साली वेरोनात सँडोकान जन्मला, त्याच साली लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून ‘तिलिस्मे होशरुबा’चा पहिला खंड बाहेर पडला. मुहम्मद हुसेन जाह आणि पुढे अहमद हुसेन कमर यांनी लिहिलेली ही दास्तान म्हणजे अमीर हमजाच्या गोष्टींच्या अफाट माळेतला एक मणी. सगळी माळ ४६ खंडांची आहे. ती चालते कशावर? हमजाच्या शौर्यावर मुळीच नाही. ती चालते लकाच्या पळण्यावर. लका हा स्वतःला खुदा म्हणवणारा खोटा खुदा. तो हरतो आणि कोणा एका बादशहाच्या आश्रयाला जातो. हमजाचा लष्कर मागून येतो, बादशहा लढाईत ओढला जातो, नवा मुलूख, नवे जादूगार, नवी दास्तान. लका एकदाच पकडला गेला असता तर सगळे दास्तानगो उपाशी मेले असते.

आणि या गोष्टींना चित्रेही होती. अकबराने सुमारे १५६२ पासून पंधरा वर्षांत हमजानाम्याची १४०० चित्रे करून घेतली. मोठ्या कापडावर पुढे चित्र आणि पाठीमागे मजकूर. चित्र लोकांसमोर धरायचे आणि मागचे वाचून गोष्ट सांगायची, अशी ती रीत असावी असे जाणकार मानतात. आमच्या कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी याच रीतीने पोथीतले एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातल्या कथा सांगतात. तेव्हा चित्रकथा ही परकी वस्तू आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने आधी कुडाळची एसटी पकडावी.

या दास्तानीचा वारसा विसाव्या शतकात इब्ने सफींकडे आला. असरार अहमद हे त्यांचे खरे नाव, जन्म १९२८ चा, अलाहाबादजवळच्या नारा गावचा. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ निघू लागली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण त्यांची पुस्तके दोन्ही देशांत छापली जात राहिली. १९५५ पासून ‘इमरान सिरीज’ सुरू झाली. आमच्या आधीच्या पिढीच्या उर्दू वाचणाऱ्या घरांत ही पुस्तके ट्रंकेत असत. पेणच्या रद्दीतही ती अजून कधीमधी हाताला लागतात, पाने पिवळी आणि शेवटची दोन गायब.

इब्ने सफींच्या पुस्तकांत देशाचे नाव नसते, म्हणून इकडच्यांना आणि तिकडच्यांना कर्नल फरीदी आपला वाटला. त्यांच्या खलनायकांत परदेशी फार. अमेरिकन डॉक्टर ड्रेड आहे, त्याच्या चार कादंबऱ्या शम्सुर्रहमान फारूकींसारख्या मोठ्या समीक्षकाने इंग्रजीत आणल्या आणि २०११ मध्ये चेन्नईहून त्या प्रसिद्ध झाल्या. थ्रेसिया बंबल बी ऑफ बोहेमिया आहे, झिरोलँड या गुप्त सत्तेची. तिला इमरानला संपवायचे असते आणि त्याच्याविषयी तिच्या मनात आणखीही काहीतरी असते. प्रत्येक वेळी ती निसटते, आणि आपण तिला निसटू दिली की ती निसटली हे इमरान कधी स्पष्ट सांगत नाही.

पण आमच्या मते इब्ने सफींची सर्वांत मोठी कमाई संग-ही आहे. चिनी वंशाचा, काटकुळा, क्रूर आणि कमालीचा चपळ गुन्हेगार. तो फरीदीच्या वाट्याला आला आणि इमरानच्याही. पिस्तुलाच्या गोळ्या चुकवण्याची त्याची एक खास कला आहे, आणि ती कला इमरान त्याच्याकडूनच शिकलेला आहे. तिचे नावच ‘संग आर्ट’. पुढे गोळीबारात इमरान जेव्हा जेव्हा जीव वाचवतो, तो दुश्मनाने शिकवलेल्या विद्येवर वाचवतो. दोघे भेटले की इमरान त्याला चाचा म्हणतो आणि तो इमरानला भतीजा. हे नुसते चेष्टेचे नाते नाही. ज्याच्याशी लढायचे त्याचे ऋण अंगावर आहे, ते मान्य करून लढायचे, ही आमच्या संस्कृतीतली उस्ताद-शागिर्दाची रीत आहे. मेफिस्टोकडे जे नाही ते इथे आहे. टेक्सला मेफिस्टोने काय शिकवले? काहीच नाही. कोर्तो आणि रास्पुतिन यांच्याशी मात्र ही जोडी शेजारी बसवता येते, आणि इब्ने सफींनी हे त्या इटालियन माणसाच्या आधी करून ठेवले होते.

चिनी माणूस म्हणजे कपटी, हा जुना इंग्रजी कादंबऱ्यांचा शिक्का संग-हीवरही आहेच. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण लेखकाला त्याला परत परत आणायचे होते, आणि आणता आणता शिक्का पुसट होऊन माणूस दिसू लागला.

आता नावांचा मामला. इब्ने सफींची पुस्तके हिंदीत आली तेव्हा फरीदीचा झाला ‘विनोद’ आणि इमरानचा झाला ‘राजेश’. गंमत म्हणजे फरीदीचा साथीदार हमीद मात्र हमीदच राहिला. साथीदार मुसलमान चालतो, नायक चालत नाही, असे प्रकाशकाला वाटले असेल, किंवा खपाचा हिशेब असेल. आम्ही कोणाच्या मनात शिरू शकत नाही. पण लाखो हिंदी वाचकांनी एका मुसलमान लेखकाच्या मुसलमान नायकावर जीव टाकला आणि त्यांना ते कळले नाही, हे तर खरे? २००९ च्या सुमारास नव्या हिंदी आवृत्त्या निघाल्या तेव्हा फरीदी आणि इमरान आपापल्या नावांनी परतले. तोवर त्या वाचकांची एक पिढी विनोद-हमीद म्हणत म्हातारी झाली होती.

याच्या उलटा प्रकार मुंबईत झाला. टाइम्स ऑफ इंडियाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. मराठीत तिचा फँटम ‘वेताळ’ या नावाने घरोघर पोचला. वेताळाचे पिढ्यानपिढ्यांचे दुश्मन म्हणजे समुद्री चाचे. मूळ अमेरिकन मालिकेत त्यांचे नाव ‘सिंग’. इंद्रजालने ते ‘सिंगा’ केले आणि त्या देशाचे भारतीय वाटणारे नाव बदलून ‘डेंकाली’ केले. चांगलेच केले. आपल्या देशातल्या कोणाच्या आडनावाला खलनायकी चिकटू नये, ही काळजी योग्यच होती. तीच काळजी सगळ्या आडनावांच्या वाट्याला आली असती तर आम्हाला हा लेख लिहावा लागला नसता.

इंद्रजालमध्येच डिसेंबर १९७६ मध्ये ‘बहादूर’ आला. त्याचे जनक आबिद सुरती, मुंबईच्या डोंगरी भागात वाढलेले, गुजराती-हिंदीचे लेखक आणि व्यंगचित्रकार. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. कुर्ता आणि जीन्स घालणारा हा देशी नायक. त्याचा बाप डाकू होता आणि तो पोलिसांच्या गोळीने मेला. मुलगा सुडाच्या विचाराने वाढतो, मग त्याला बापाची करणी कळते आणि तो त्याच पोलिस अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहून डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचे दल उभारतो.

हे वाचताना आम्हाला इटलीचा ‘झागोर’ आठवला. १९६१ साली सर्जिओ बोनेल्ली यांनी गुइदो नोलित्ता या टोपणनावाने तो लिहिला, चित्रे गाल्लिएनो फेर्री यांची. झागोरचे आईबाप रेड इंडियनांच्या हल्ल्यात मारले जातात. तो मोठा होऊन त्यांचा सूड घेतो आणि मग त्याला कळते की आपल्या सैनिक बापाने त्याच जमातीची कत्तल केली होती. पुढचे सगळे आयुष्य तो डार्कवूडच्या जंगलात शांतता राखण्यात घालवतो. दोघांच्याही कथेच्या मुळाशी अपराधी बाप आहे. बहादूर सूड घेण्याआधी सावध होतो, झागोर घेतल्यानंतर. त्यामुळे झागोरच्या अंगात एक जडपणा राहतो, तो बहादूरमध्ये नाही. झागोरला हेलिंगेन नावाचा एक माथेफिरू शास्त्रज्ञही मिळाला आहे, जो मेला मेला म्हणता परत येतो. बहादूरचे डाकू मात्र आले आणि गेले. बहादूर आम्हाला प्रिय आहे, तरी त्याला एक संग-ही मिळायला हवा होता असे वाटत राहते. त्याच्या नावाबद्दल मात्र आबिदभाईंना सलाम. बापाच्या नावात सिंग आणि मुलाचे नाव फारसीतून आलेले. हा मुलगा कोणाचा, हे कोणी सांगावे.

मराठीत काय आहे? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे जुन्या वाचकांच्या ओठांवर आहेत. आम्ही पेण आणि रोह्यातल्या अशा काही वाचकांना विचारले की झुंजारच्या एखाद्या दुश्मनाचे नाव सांगा. त्यांनी झुंजारची सगळी माणसे सांगितली, दुश्मन एकाचाही आठवला नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या मते मराठी बालसाहित्यातला सर्वांत जिवंत मुलगा आहे. पण त्याचेही बदमाश पुस्तकागणिक नवे. २०१७ च्या चित्रपटात गिरीश कुलकर्णींनी केलेला अप्पा लोकांच्या लक्षात राहिला, तो एकाच चित्रपटापुरता.

आमच्या रायगड जिल्ह्यात परत येणारा एक दुश्मन मात्र आहे, आणि तो ऐतिहासिक गोष्टींतला आहे: जंजिऱ्याचा सिद्दी. शिवाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचे प्रयत्न केले, समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये वेढा घातला. जंजिरा पडला नाही. त्यामुळे सिद्दीला कोणत्याही कथाकाराला एका प्रकरणात संपवता येत नाही. तो पुन्हा येतो, आणि मग निदान त्याची चिकाटी, त्याचे आरमार, त्याचा दगडी किल्ला यांचे वर्णन करावेच लागते. अफझलखानाच्या बाबतीत ही सक्ती नसते, कारण तो एका भेटीत संपतो. त्याच गोष्टींत महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान मात्र एखाद्या ओळीत येऊन जातो. तो परत आला असता, दहा-वीस पाने राहिला असता, तर रोह्याच्या मुलाला मुरूडच्या समुद्रात दोन्ही बाजूंना आपल्या नावाची माणसे दिसली असती.

हे आम्ही हवेत बोलत नाही. सातवीच्या वर्गाला आम्ही एकदा साहसकथा लिहायला सांगितली. उर्दूत, स्वतःच्या मनाने. बहुतेकांच्या नायकाचे नाव राहुल, विजय किंवा करण होते, सिनेमातून आलेले. एका हुशार मुलाने, जो स्वतः मोहल्ल्यात राहतो आणि जुम्याला पहिल्या सफेत असतो, खलनायकाचे नाव ठेवले होते याकूबभाई. दाढी, काळा चष्मा, सोन्याची बिस्किटे. राहुलने त्याला तिसऱ्या पानावर समुद्रात फेकले. आम्ही विचारले, याकूबच का? तो म्हणाला, ‘सर, वैसेच होता है ना.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. तो गोष्टीचा एक नियम सांगत होता.

आपल्याकडे अशा वेळी सूचना येते की मुसलमान खलनायक नकोतच. आम्हाला ती पटत नाही. दास्तानीत मुसलमानांनीच मुसलमान नावांचे एकाहून एक बदमाश रंगवले आहेत. बदमाशी कोणत्याही एका बिरादरीची मक्तेदारी नाही, तशी ती कोणाला बंदही नाही. आमची तक्रार याकूबच्या नावाबद्दल नाही, तो तिसऱ्या पानावर संपला याबद्दल आहे.

म्हणून पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गाला दुसरा भाग लिहायला सांगितला. अट एकच, जो खलनायक मेला तो वाचला आहे आणि परत येतो आहे. मुले आधी हसली, मग पेन चावू लागली. मेला तो वाचला कसा, हे आधी ठरवायचे होते. मग तो इतके दिवस होता कुठे? त्याला जेवायला कोणी दिले? त्या मुलाची दुसरी कथा सहा पानांची झाली. तिच्यात याकूबभाईला रेवदंड्याच्या एका नाखव्याने जाळ्यातून वर काढले आहे. नाखव्याच्या घरी तो दोन महिने पडून आहे आणि होडीचे इंजिन दुरुस्त करायला शिकला आहे. चष्मा समुद्रात गेल्यामुळे त्याला आता नीट दिसत नाही. त्याची आई साळावला आहे आणि तो मेला असे समजून तिने त्याचा चाळिसावाही घातला आहे. राहुलशी गाठ पडते तेव्हा तो आधी विचारतो की माझी आई कशी आहे, आणि राहुलला उत्तर देता येत नाही, कारण राहुलला हे काहीच ठाऊक नाही. राहुल कुठे राहतो, त्याच्या घरी कोण आहे, हे त्या सहा पानांत कुठेही आलेले नाही.